दोन पिवळ्या ढकलगाड्या

१९ सप्टेंबर १९८३, सोमवार

आजपासून कामाला लागले. शाळेतून निवृत्त होऊन साडेतीन महिने झाले. तेवढ्यात मी घरातली सगळी कपाटे दोनदा लावली, गच्चीवरच्या टाकीचे झाकण बदलून घेतले आणि सोसायटीच्या चिटणिसांना चार पत्रे लिहिली. अण्णा, माझे थोरले भाऊ, परवा म्हणाले, "वनू, आता तू मलाच लावायला घेशील. त्याआधी कुठेतरी नोकरी बघ." कॅप्टन चंद्रप्रकाश यांची बायको राधा माझी जुनी विद्यार्थिनी. तिने शब्द टाकला आणि काम मिळाले.

जुहूच्या धावपट्टीच्या मागच्या अंगाला आमच्या उपनगर वैमानिक मंडळाचा पत्र्याचा हँगर आहे. दोन लहान विमाने, शिकणारे बावीस, शिकवणारे कॅप्टन एकटे. मी व्यवस्थापक. अंधेरीहून बसने पाऊण तास.

आणखी दोन माणसे आहेत. भीमराज हा मेकॅनिक अकोल्याकडचा, तिशीचा, तोंडाने फटकळ, हाताने स्वच्छ. धाकू मालवणकडचा, पन्नाशीचा. तो विमानांत इंधन भरतो, झाडतो, चहाही करतो. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तेव्हा इथे लागला. घरी बायको सुगंधा आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मितभाषी आहे. शाळेतल्या शिपायांपेक्षा बरा वाटला.

हँगरची अवस्था मात्र लिहिण्यासारखी नाही. पहिल्याच दिवशी तीन मेलेल्या पाली निघाल्या.

२४ सप्टेंबर, शनिवार

इथे वेळ नावाची वस्तू नाही. साडेसहाचे विमान सातला उडते आणि कोणालाही त्याचे काही वाटत नाही. आज वेळापत्रक लावले आणि जुन्या बाजारातून आणलेली पितळी घंटा टांगली. घंटा झाली की विमान हलले पाहिजे.

कॅप्टन उड्डाणापूर्वी पंखाखालच्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढतात, उजेडात धरतात, वास घेतात. यात दहा मिनिटे जातात. मी म्हटले, तपासणीला माझी हरकत नाही, पण ती घंटेच्या आधी उरकावी. कॅप्टन हवाई दलातून आलेले. मुकाट्याने "येस मॅडम" म्हणाले. भीमराज तोंड फिरवून हसत होता. हसू दे.

३ ऑक्टोबर, सोमवार

आज विमाने सलग नवव्या दिवशी वेळेवर उडाली. कॅप्टन आता घंटेबरोबर खुर्चीत असतात. बाटली दिसली नाही. मी विचारले तर म्हणाले, "धाकू आहे ना, तो कधी चुकत नाही."

इंधनाची माहिती करून घेतली. कॉलेज सोडून सदतीस वर्षे झाली तरी रसायनशास्त्राला हात लागला की बरे वाटते. हाताने पंप मारायच्या टाकीवाल्या दोन ढकलगाड्या आहेत. एकीत आमच्या विमानांचे पेट्रोल, हिरवट रंगाचे. दुसरीतले शेतांवर औषध फवारणाऱ्या एका हेलिकॉप्टरसाठी. ते आमच्याकडे भाड्याने उभे असते. त्याचे इंजिन वेगळ्या जातीचे, त्याला लागते ते जवळजवळ घासलेटच. धाकू तसेच म्हणतो, पेट्रोलची गाडी आणि घासलेटची गाडी.

मी विचारले, घासलेट चुकून आपल्या विमानात गेले तर.

"सुरू होतं, बाई," भीमराज म्हणाला. "नळीतलं जुनं पेट्रोल संपेपर्यंत मस्त चालतं. तुम्ही वर पोचता. मग वाट लागली."

इतकी महत्त्वाची गोष्ट, आणि खूण काय? पेट्रोलच्या गाडीवर ओबडधोबड तांबडा पट्टा आणि पंपाच्या दांड्याला बांधलेले तेलकट तांबडे फडके. हे बदलायला हवे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

शनिवारी खंडेनवमी. इथे त्या दिवशी यंत्रे धुऊनपुसून त्यांची पूजा करतात आणि मंडळाचे अध्यक्ष सहकुटुंब येतात. त्यानिमित्ताने रंगकाम काढले. दोन्ही ढकलगाड्या घासून एकसारख्या पिवळ्या रंगवून घेतल्या आणि समोर काळ्या अक्षरांत 'क्रमांक १' आणि 'क्रमांक २' घातले. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना असेच क्रमांक होते. कोणत्या क्रमांकात काय, हे नोंदवहीत लिहिले आहे. नोंदवही माझ्या कपाटात. ज्याला पाहायचे त्याने मागावी.

धाकू दोनदा घुटमळून गेला. शेवटी म्हणाला, "बाईनू, तो तांबडो पट्टो तेवढो रवांदे."

मी म्हटले, पट्टा ठेवला तर रंगाला काय अर्थ. त्या फडक्याचे तर मी काही विचारलेच नाही. स्वतः चिमटीत धरून फेकून दिले. जुन्या माणसांना बदल नको असतो, हा शाळेतलाही अनुभव आहे.

१५ ऑक्टोबर, शनिवार

पूजा देखणी झाली. मध्ये विमान, दोन्ही बाजूंना दोन पिवळ्या गाड्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, प्रथमच हँगरला घरपण आले. भीमराज पूजेला बसत नाही. म्हणाला, "हात जोडणं आपल्याकडे नाही, बाई. इंजिन पुसून ठेवलंय, तेच समजा." इंजिन खरोखर आरशासारखे होते. पेढा मात्र त्याने दोनदा घेतला.

१७ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्याची सुट्टी काल संपली. आज गाड्या जागेवर लावून घेतल्या. पूर्वी त्या वाटेल तसे तोंड करून उभ्या असत. आता भिंतीशी डावीकडे क्रमांक १, म्हणजे पेट्रोल, उजवीकडे क्रमांक २. पंप भिंतीकडे, तोंडे बाहेर. दारातून पाहिले की शिस्त दिसते. ताज्या रंगाचा वास मात्र अजून इतका आहे की चहालाही तोच लागतो.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

विमान पडले. आधी हे लिहिते की कोणालाही इजा नाही.

साडेसहाच्या घंटेला कॅप्टन आणि क्षमा उडाले. क्षमा पार्ल्याची, एकोणीस वर्षांची, आमच्या विद्यार्थ्यांत सर्वांत चुणचुणीत. विमान समुद्राकडे गेले, वळले, आणि आवाज बिघडला. खोकल्यासारखा. भीमराजच्या हातातला पाना खाली पडला. मग आवाज थांबलाच.

ओहोटी होती म्हणून वाचले. कॅप्टननी विमान किनाऱ्याच्या ओल्या वाळूवर उतरवले. शेवटी पुढचे चाक रुतले, पंखा वाकला, आणि विमान एका बंद भेळवाल्याच्या गाडीपासून दहा पावलांवर नाक खुपसून उभे राहिले. आम्ही धावत पोचलो तेव्हा दोघे वाळूत बसून शहाळी पीत होते. शहाळेवाल्याने बळेच दिली होती. कॅप्टनचा ओठ फुटला होता. क्षमा म्हणाली, "बाई, हा माझा तास धरणार ना? पूर्ण नाही झाला."

भीमराजने पंखाखालची तोटी उघडली, बोटावर थेंब घेतला, हुंगला आणि धाकूकडे पाहिले. धाकू मटकन वाळूत बसला.

विमानात घासलेट होते.

१९ ऑक्टोबर, बुधवार

विमानातला नमुना मी स्वतः तपासला. टीपकागदावर दोन थेंब, एक चांगल्या पेट्रोलचा, एक या नमुन्याचा. पहिला पाच मिनिटांत उडून गेला, मागमूस नाही. दुसऱ्याचा तेलकट डाग संध्याकाळपर्यंत तसाच. सोपी, सुंदर परीक्षा. सगळ्यांना बोलावून दाखवली. क्षमाने स्वतः करून पाहिली. विमानखात्याचे निरीक्षक आले होते, त्यांनीही मान डोलावली. ते म्हणाले, कारण स्पष्ट आहे, आता मंडळाने आपल्या माणसाचे काय ते ठरवावे आणि पुढे काय बदलणार ते आम्हाला कळवावे.

अध्यक्षांनी चौकशीचा अहवाल माझ्याकडे सोपवला. पुढच्या बुधवारी समिती बसेल. बहुतेकांचे मत आजच ठरले आहे की धाकूला काढावे.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

धाकूला तासभर प्रश्न विचारले. हाती काही लागले नाही. गाडी का चुकली? "चूक माझीच आसा, बाईनू." झोप झाली नव्हती का? झाली होती. दारू? त्याने कानाला हात लावले. मग कारण काय? तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिला.

राग आला. बचाव करायची संधी देऊनही माणूस तोंड उघडत नाही, तर मी काय लिहू? ही नोकरी गेली तर पन्नाशीत कोण ठेवणार याला? गिरणीतली याच्याबरोबरची माणसे अजून हात हलवत बसली आहेत, हे त्यानेच मला सांगितले होते. मुलींची नावे शाळेतून काढावी लागतील. हे सर्व त्याला माहीत आहे. तरी आपला गप्प.

बाहेर आले तर कॅप्टन उभे. म्हणाले, बाटलीत बघायला हवं होतं, मीही बघितलं नाही, तेही लिहा. मी म्हटले, लिहीन. ते आणखी काही बोलणार होते, पण घंटेकडे पाहून गेले.

२३ ऑक्टोबर, रविवार

अहवाल पूर्ण. सात पाने. निष्कर्ष : इंधन भरणाऱ्याचा निष्काळजीपणा. दुय्यम कारण : उड्डाणापूर्वीची तपासणी झाली नाही.

अण्णांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसून सातही पाने वाचली, म्हणाले, "मराठी चोख आहे. फक्त यात रंगारी कुठे दिसत नाही."

मी म्हटले, रंगाऱ्याचा काय संबंध.

"नसेल," म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. अण्णांना निवृत्त झाल्यापासून कोड्यात बोलायची सवय लागली आहे. आज जेवणात मुद्दाम पडवळ केले.

२४ ऑक्टोबर, सोमवार

जे झाले ते क्रमाने लिहिते.

समितीपुढे जाण्यापूर्वी सर्व विद्यार्थ्यांना धडा द्यावा असे मनात होते. सकाळी आलेल्या चौदा जणांना हँगरमध्ये उभे केले. भीमराज आणि कॅप्टन होतेच. धाकूही कोपऱ्यात उभा होता. त्याने ऐकावे असे मलाच वाटत होते.

मी गाड्यांच्या मागे, पंपाच्या बाजूला जाऊन उभी राहिले, कारण भरणारा तिथेच उभा असतो. सांगितले की लक्ष असेल तर चूक अशक्य आहे. मग एका पंपाच्या दांड्यावर हात ठेवून म्हटले, "ही पेट्रोलची गाडी. यात गोंधळ व्हायला जागा कुठे आहे?"

क्षमा स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

भीमराज हळूच म्हणाला, "बाई, ती घासलेटची."

मी म्हटले, शक्य नाही. वळसा घालून पुढे गेले. समोर माझ्याच हातच्या नमुन्यावरून घातलेला आकडा होता. दोन.

मागे तोंड केल्यामुळे डावे-उजवे उलटले होते. दोन्ही पंप सारखे, दोन्ही टाक्या सारख्या. आकडा बघायचा तर गाडीला पूर्ण वळसा. मी विचारले, पूर्वी कळायचे कसे? भीमराजच म्हणाला, "पट्टा मागेपर्यंत होता ना. आणि दांड्याला फडकं. धाकूदादा डोळे मिटून धरायचा. पेट्रोल कायम दारातून उजवीकडे असायचं."

उजवीकडे. आणि मी सोमवारी शिस्त दिसावी म्हणून ते डावीकडे लावले. वासाने कळले असते म्हणावे, तर हँगरभर माझ्या रंगाचा वास. बाटलीत कळले असते, तर माझी घंटा.

एकवीस वर्षे मुख्याध्यापिका होते. मुलींसमोर चुकल्याचे आठवत नाही. आज चौदा जणांसमोर चुकले. क्षमाने स्टूल आणले.

सगळे गेल्यावर धाकूला विचारले, शुक्रवारी का बोलला नाहीस? पट्ट्याचे तू मला सांगितले होतेस, तेवढे तरी सांगायचे.

तो टोपी चाचपत म्हणाला, "तुम्ही नवीन आसात, बाईनू. नव्या माणसाची चूक वर सांगाची नसता. आमच्या गिरणीत तसाच होता."

अठ्ठावन्न वर्षांत मला कोणी नवीन माणूस म्हटले नव्हते.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

जुनी सात पाने फाडली. नवा अहवाल तीन पानांचा आहे. लिहायला जुन्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. अण्णांनी वाचला आणि म्हणाले, "आता दिसला." रात्रीच्या जेवणाला त्यांना आवडते ती सोलकढी केली.

२६ ऑक्टोबर, बुधवार

समितीपुढे उभी राहून अहवाल वाचला. कारण क्रमांक एक, व्यवस्थापकांनी माहितगार माणसाने सांगूनही खुणा पुसल्या. कारण दोन, व्यवस्थापकांनी जागा बदलल्या आणि कोणाला बजावले नाही. कारण तीन, व्यवस्थापकांच्या वेळापत्रकामुळे तपासणी सुटली. चौथ्यावर धाकूचे नाव होते. त्याने शंका आल्यावर थांबायला हवे होते, तेही लिहिले, कारण ते खरे आहे.

अध्यक्ष अवघडले. म्हणाले, बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, हे असं लिहून देऊ नका, धाकूपुरतं मिटवू या. मी म्हटले, त्याला काढलेत तर अहवालाप्रमाणे आधी मला तीनदा काढावे लागेल. राजीनामा पाकिटात घालून नेला होता, तो टेबलावर ठेवला.

कॅप्टन उठले. "मग मलाही घ्या. बाटली माझी होती."

भीमराजला समितीत बोलायचा अधिकार नाही. तो दारातून म्हणाला, "सगळेच चाललात तर चावी मी कोणाकडे देऊ?"

अध्यक्ष हसले, त्यामुळे बाकीचेही हसले. राजीनामा परत मिळाला. पण धाकूचे पक्के झाले नाही. एक सभासद सरळ बोलले की माणूस चांगला असेल, पण त्याने भरलेल्या विमानात आता बसणार कोण. शेवटी ठरले की शनिवारपासून दुसरे विमान सुरू करायचे, धाकूने भरायचे, आणि लोक बसायला तयार आहेत का ते बघायचे. कोणी बसणार नसेल तर त्याला ठेवून उपयोग नाही.

निर्णय कठोर आहे, पण गैर म्हणता येत नाही.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस काम केले. घासलेटची गाडी हँगरबाहेर स्वतंत्र पत्र्याखाली, करड्या रंगाची. पेट्रोलच्या गाडीला चारी बाजूंनी तांबडा पट्टा, जाडी धाकूने ठरवली. टाकीच्या झाकणावर, पंपावर आणि विमानाच्या पंखावर एकच शब्द मोठ्या अक्षरांत : पेट्रोल. घंटा आता तपासणी झाल्यावर कॅप्टन वाजवणार.

शनिवारी सात जणांची नावे होती. दुपारपर्यंत पाच जणांनी काढून घेतली. एकाची मावशी आजारी, एकाला पोटदुखी, तिघांनी कारण दिले नाही. संध्याकाळी सहाव्याच्या वडिलांचा फोन आला. उरली क्षमा, तर तिची आई स्वतः येऊन सांगून गेली की आधी दुसरे कोणीतरी उडू दे.

धाकूने तक्ता पाहिला. मला चहा दिला तेव्हा बशीत सांडला. त्याचा कधी सांडत नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सहाला पोचले. अण्णांना फक्त म्हटले की आज लवकर जायचे आहे.

सभासद बरेच जमले होते, उडायला नव्हे, बघायला. अध्यक्षही होते. धाकूने आधी टाकीच्या झाकणावरचा शब्द वाचला, मग पंखावरचा, मग पंप हातात घेतला. भरून झाल्यावर कॅप्टननी बाटली उजेडात धरली. हिरवट, स्वच्छ. मी टीपकागदावर थेंब टाकला. पाच मिनिटे सगळे त्या कागदाकडे बघत उभे होते. डाग राहिला नाही.

अध्यक्षांनी विचारले, मग, कोण जातंय?

कोणी पुढे झाले नाही. मी पर्स भीमराजकडे दिली आणि पदर खोचला. भीमराज म्हणाला, "बाई, तुम्ही?" मी म्हटले, तक्त्यावर साडेसहाची जागा रिकामी आहे, आणि रिकामी जागा मला चालत नाही.

आत चढताना साडी कुठेतरी अडकली. धाकूने खालून सोडवली. तोंडावरचा रंग उडालेला होता त्याचा. मी त्याला सांगितले की खुर्चीचे पट्टे नीट बांध, मला ते जमत नाहीत. त्याने बांधले. दोनदा ओढून पाहिले.

घंटा झाली. विमान पळाले आणि जमीन खाली गेली. किनारा दिसला, आरेच्या झाडीचे हिरवे दिसले, आमची सोसायटी शोधली ती सापडली नाही. कॅप्टन मधून मधून बोट दाखवून ओरडत होते, मी मान डोलावत होते. इंजिन एकसुरी, धीराचे चालले होते. अठरा मिनिटे.

उतरलो तेव्हा क्षमा दारातच उभी, आईला ओढत घेऊन. तिच्या मागे पोटदुखीवाला. अध्यक्ष तक्ता मागत होते. नावे परत लिहून घेता घेता मला दहा मिनिटे लागली. अकरापर्यंत धाकूने तीनदा विमान भरले. दुपारी अध्यक्षांनी हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे स्वतः सही केली, कायम म्हणून.

तो मला भेटायला आला तो थेट टेबलापाशी. म्हणाला, "बाईनू, वर भियालात काय?"

मी म्हटले, मुळीच नाही.

ते खोटे होते. इथे खरे लिहून ठेवते. पूर्ण अठरा मिनिटे मी खुर्चीची कड धरून होते. उंचीला भ्याले, वाऱ्याला भ्याले, कॅप्टन वळण घेत तेव्हा तर डोळेच मिटले. पेट्रोलचा विचार मात्र एकदाही मनात आला नाही.